मीठ सोडून धावलो तेव्हा

माय,

मी पडलो. गोंडपिपरीच्या पुढे, भर दुपारी, डांबरी रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली. कोणी ढकललं नाही, ट्रकने उडवलं नाही. धावता धावता पडलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात, कारखान्यात, चहाच्या टपरीवर प्रत्येकजण ही गोष्ट आपापल्या परीने सांगतो आहे, आणि तुझ्यापर्यंत ती जायचीच असेल तर माझ्या तोंडून जावी. मला आता पन्नासावं लागेल. तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा आजच्या माझ्याएवढीच होतीस, हे मला दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी तुला म्हातारी समजत होतो.

तू विचारशील, धावत कशाला होतास. तुझ्या हयातीत मी नोकरीला लागलो नव्हतो. आता घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंगला आहे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली आणि चालायला लावलं. चालता चालता धावायला लागलो. रात्रपाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकली आणि कोळशाचे ट्रक रस्ता धुळीने भरून टाकण्याआधी आम्ही आठ-दहा जण शाळेच्या मैदानावर जमतो. मैदानाच्या कोपऱ्यात हनुमंताचं देऊळ आहे. त्याला हात जोडून मी पहिली फेरी सुरू करतो. तिथेच दोन माणसं जोडली गेली. एक शाळेतले खेळाचे मास्तर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, त्यांना सगळे सर म्हणतात. दुसरे मोटार दुरुस्त करणारे मुसलमान भाऊ, ज्यांचं पोट धावून कमी झालं नाही आणि जे त्याची फिकीरही करत नाहीत. चंद्रपूरला एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मी पूर्ण धावलो, गळ्यात पदक पडलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

सर म्हणाले, "भाऊ, तुमचा दम वेगळा आहे. चंद्रपूर ते अहेरी, पन्नाशीच्या माणसाने, दोन दिवसांत, पायी. असं कोणी केलेलं नाही. रेकॉर्डच्या पुस्तकात नाव लागते." अहेरीचं नाव काढलं आणि मी फसलो. आपला मुलूख. त्या रस्त्यावर आपल्या पायाने जायचं, तेही धावत, आणि कोणीतरी ते लिहून ठेवायचं. पुढचे सात-आठ दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. रात्री जंगलातून धावायचं नाही, वाघ आहेत, म्हणून पहिल्या दिवशी उजेडात आष्टी गाठायची आणि दुसऱ्या दिवशी अहेरी. मी विचारलं, पहिल्याच दिवशी पंचाहत्तर किलोमीटर जमतील का. सरांनी बोटांवर मोजून दाखवलं, "एकवीस धावता ना? मग तेच साडेतीनदा." मला ते पटलं. माय, मला ते खरोखर पटलं. पोतं उचलणाऱ्याला कोणी म्हटलं की एक उचलतोस तर साडेतीन उचल, तर मी हसलो असतो. स्वतःच्या पायांबद्दल ऐकलं तेव्हा हसलो नाही.

रेकॉर्डवाल्यांचे नियम आम्ही चार दिवस आधी वाचले. अकरा पानं होती. दर टप्प्याला वहीत वेळ आणि सही हवी, सही करणारा घरचा नको, दर काही तासांनी साक्षीदार बदलायला हवा, बसलं की ती वेळ लिहायची, उठलं की ती वेळ लिहायची, दोन घड्याळं हवीत, वैद्यकीय माणूस सोबत हवा. सर वाचत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हणाले, "धावणं सोडून यात सगळंच आहे." गावातल्या पोलीसपाटलांपासून पेट्रोलपंपाच्या मॅनेजरपर्यंत सह्या करणारी माणसं त्यांनी चार दिवसांत उभी केली, त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. वैद्यकीय माणूस मात्र मिळाला नाही. मोटारवाले भाऊ म्हणाले, "मी हाय ना. इंजन गरम झालं का मले समजते."

आता तुझ्या चालण्याकडे येतो, कारण खरा गुन्हा माझा तिथे आहे. बाबा नदीवर जाळं टाकायचे, मासे सुकवायचे, आणि तू सुके मासे आणि खडामीठ टोपलीत घालून बाजार करायचीस. आठवड्याचे सहा बाजार, सहा गावं, सातव्या दिवशी घर सारवणं. मंगळवारचा बाजार घाटापलीकडे होता. दिवस उगवायच्या आत निघायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, हातात तुंबा, तुंब्यात आंबील. सुट्टी असली की मी सोबत. मी पुढे पळायचो, परत यायचो, पुन्हा पळायचो. तू एकाच चालीने येत राहायचीस. घाटाच्या वाटेवर पाच ठिकाणी देव होते. देव म्हणजे दगडांची रास, येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा आणि पुढे जायचं. सगळे जायचे. तू जायची नाहीस. तू टोपली उतरवायचीस, दगड ठेवायचीस, टोपलीतल्या मिठाचा एक खडा देवापुढे, एक माझ्या जिभेवर, एक तुझ्या. दोन घोट आंबील. मग पाठीवरचा घाम सुकेपर्यंत बसून राहायचीस. पाचही ठिकाणी. मला वाटायचं, माझी माय फार देवभोळी आहे आणि तिच्यामुळे आपल्याला बाजारातले गरम भजे मिळत नाहीत. एकदा मी पाय आपटत म्हटलं, सगळे पुढे गेले. तू डोळेही उघडले नाहीस. "जाऊ दे. त्याइच्या मांगं वाघ लागला असन. आपल्या मांगं लागला का?" आणि थोड्या वेळाने, "देवाले घाई नाई, तुले काऊन हाय रे?"

त्याच वाटेवर एका मंगळवारी मी हट्ट धरला होता की टोपली मी नेतो. दहा-अकरा वर्षांचा असेन. तू नाही म्हटलं नाहीस. मिठाचं निम्मं गाठोडं काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलंस आणि टोपली माझ्या डोक्यावर ठेवलीस. दुसऱ्या वळणावर माझ्या पायात काटा गेला. टोपली उतरवावी लागली. तू खाली बसून माझा पाय मांडीवर घेतलास, पदराची पिन काढलीस आणि किती तरी वेळ तळव्यात कोरत होतीस. मग म्हणालीस, "निघाला." टोपली परत तुझ्या डोक्यावर गेली. ही आठवण इथेच ठेवतो. पुढे लागेल.

धावायच्या अकरा दिवस आधी मी हनुमंतापुढे उभा राहून मीठ सोडलं. अहेरीला पोहोचेपर्यंत अळणी खाईन असं म्हटलं. तुला हे ऐकून काय वाटेल ते मला कळतं, पण माझं मन समजून घे. काहीतरी मोठं मागायचं तर मोठं सोडायला हवं असं मला वाटलं. आणि माझ्याकडे तुझ्या टोपलीतल्या वस्तूहून मोठं काय होतं? गोड तर डॉक्टरांनी आधीच सोडवलं होतं. घरात भांडण झालं. तुझी सून शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिने वरणाची वाटी माझ्यापुढे आदळली. "अळणी वरण शिजवाले हात नाई उठत माझा. आजाऱ्यासाठी शिजवते लोकं असं." मी म्हटलं, अकरा दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुमच्या मायनं जनमभर दुसऱ्याच्या घरी मीठ पोचवलं, आन तुमी घरातलं काढून राह्यले." मी ऐकलं नाही. नवस केला होता.

निघालो त्या सकाळी चंद्रपुरात थंडी होती. फेब्रुवारीच्या सकाळची थंडी आपल्याकडे किती खोटी असते हे मला ठाऊक असायला हवं होतं. मागून भाऊंची गाडी, गाडीत सर, सरांच्या मांडीवर वही. माझ्या कमरेला पट्टा होता. धावणारी मंडळी त्यात खाण्याच्या पुड्या ठेवतात. मी त्यात घरूनच पाच दगड घेऊन निघालो होतो. वाटेत जंगल लागलं की कुठे ना कुठे देव लागतोच, आणि वाकून दगड उचलण्यात वेळ जाऊ नये. भाऊंनी पट्टा चाचपून पाहिला. "लोकं कमरेत ताकतीच्या गोळ्या ठेवते. तू गोटे ठेवते. कुत्र्याइसाठी का?" मी सांगितलं देवासाठी. ते गंभीर झाले, म्हणाले, "मंग ठीक हाय. पन पाणी पी."

पाणी मी प्यायलो. बल्लारपूर मागे पडेपर्यंत सगळं सुरेख होतं. दर दोन-तीन किलोमीटरला बाटली, नुसतं पाणी. वहीत सह्या पडत होत्या. एकवीस झाले तेव्हा मी हसत होतो. बेचाळीस झाले तेव्हा हसायचं थांबलो, पण धावत होतो. ऊन तापलं. पहिला देव आला, मी न थांबता दगड टाकला, तो राशीवर पडला. दुसऱ्या देवाला टाकलेला दगड रास चुकून नालीत गेला. मी परत फिरलो नाही. गोंडपिपरीच्या आसपास बोटातली अंगठी घट्ट वाटायला लागली. घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला, मग दोन. तोंडात पाणी जमायचं, मळमळायचं, डोकं दुखायचं, आणि मी समजत होतो की ऊन लागतंय, म्हणून आणखी पाणी प्यायचो. सर गाडीतून ओरडायचे, "शाबास, अर्ध्याच्या पुढं आलो." भाऊ मात्र गाडी माझ्या बरोबरीने आणून खिडकीतून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊ, तुझं तोंड सुजून राह्यलं." मी हात हलवला. त्यानंतर मला बाभूळ आठवते. बाभळीखाली मी ओकत होतो आणि ओकण्यात नुसतं पाणी होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. तपासून त्यांनी विचारलं, खाल्लं काय, प्यायले काय. मला नीट बोलता येत नव्हतं. भाऊंनी सांगितलं. अकरा दिवस मीठ नाही, दिवसभर नुसतं पाणी. त्या म्हणाल्या, "रक्तातलं मीठ उतरलंय त्यांच्या. आणखी पाणी पाजलं असतं तर फिट आली असती, परत उठलेही नसते." मग त्यांनी हाताला सुई लावली आणि बाटलीतलं मिठाचं पाणी थेंब थेंब माझ्या अंगात जायला लागलं. भाऊंना मी तुझ्याबद्दल पूर्वी सांगितलेलं होतं. ते खाटेच्या कडेला बसून त्या बाटलीकडे बघत होते. "तुझी माय मीठच विकत होती ना?" म्हणाले. मी मान हलवली. ते हसायला लागले आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मलाही हसू आलं आणि सुई हलली म्हणून नर्स ओरडली.

त्या खाटेवर मला कळलं की तू पाच ठिकाणी काय करत होतीस. देवाची पूजा करत होतीस हे खरंच आहे, ते मी काढून घेत नाही. पण त्याच बसण्यात तू मीठ घेत होतीस, आंबील घेत होतीस, घाम सुकवत होतीस, आणि संध्याकाळी परत त्याच घाटाने येऊन चूल पेटवत होतीस. दुसऱ्या दिवशी दुसरा बाजार. आम्ही अकरा पानांचे नियम वाचून घाबरलो. तुझ्या चालीचे नियम तर कुठे लिहिलेलेच नव्हते, आणि तुझ्या वाटेवर सही करायला कोणी पोलीसपाटील उभा नव्हता. मी तुझ्या मागे वर्षानुवर्षं चाललो आणि त्यातला फक्त दगड उचलला.

संध्याकाळी सर आले, वही घेऊन. दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, शेवटची नोंद राहिली आहे. मी पाय मुरगळला असं लिहितो. पेपरवाल्यांनाही तेच सांगू. मुरगळणं कोणालाही होते. त्यात लाज नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. शाळेत त्यांनाही तोंड दाखवायचं होतं. मी म्हटलं, "लिहा, मीठ सोडलं होतं, नुसतं पाणी प्यायलो, पडलो." सर म्हणाले, "रेकॉर्डच्या वहीत मूर्खपणाचा रकाना नसतो, भाऊ." मी म्हटलं, "मग आखा." त्यांनी वही उघडली. मग त्यांनी पट्टी नसल्यामुळे माझ्या केस पेपरची कड धरून खरोखर एक रेघ ओढली, आणि मी सांगितलं तसं लिहिलं. साक्षीदार म्हणून भाऊंनी सही केली. पेपरात दोन ओळी आल्या, मीठ सोडून धावणारा पडला, आणि त्या दिवसापासून मी पॅकिंगमध्ये गेलो की कोणीतरी मिठाची पुडी पुढे करतो. करू दे. मी ती घेतो आणि खिशात ठेवतो.

आता घरातलं सांगतो, कारण पत्र त्यासाठीच लिहायला बसलो. सोमवारी तुझ्या सुनेने तुझा फोटो भिंतीवरून काढून ओट्यावर ठेवला. म्हणाली, "यायच्यावर हात ठेवा आन सांगा, मी आता धावणार नाई." मी हात ठेवला नाही. ती म्हणाली, "तुमाले मरून जागा पायजे का पुस्तकात?" मी म्हटलं, मरणार नाही, शिकून जाईन. ती म्हणाली, "पन्नास वर्सात नाई शिकले." तरी हात ठेवला नाही. फोटो अजून ओट्यावर आहे, पिठाच्या डब्याला टेकून. हे लिहिताना तू तिथून माझ्याकडे बघते आहेस. सून चहा करते आणि तुझ्यासमोरून साखरेचा डबा उचलते, पण फोटो परत लावत नाही. तो मी शब्द दिल्यावरच भिंतीवर जाईल.

मी शब्द देणार नाही, माय. तुला आवडो न आवडो. तू म्हणशील, पोटासाठी चालणं वेगळं, हे रिकामे धंदे आहेत. असतील. तुझ्या पायांना पोटाने हाकललं. माझ्या पायांना कोणी हाकलत नाही, तरी ते जायला बघतात, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही, ना सुनेची, ना पेपरवाल्याची, ना तुझी. लोक म्हणतात, देवाच्या नादाने पडला, आता देव सोड. तेही करणार नाही. देवाने मीठ मागितलं नव्हतं. ते मीच दिलं, तेही तुझ्या टोपलीतलं, न विचारता. परवा हनुमंतापुढे जाऊन नवस बदलून घेतला. आता चहा सोडला आहे. तो काही बोलला नाही, तेव्हा मंजूर असावं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार. यावेळी वर्षभर तयारी. गेल्या रविवारी एकटा एसटीने आपल्या घाटात जाऊन आलो. वाट आता डांबरी आहे, देवाला सिमेंटचा ओटा बांधून शेंदरी रंग दिला आहे. पाचही ठिकाणी चढत गेलो, टोपलीएवढं ओझं पाठीवर घेऊन. दगड ठेवला, मीठ ठेवलं, खाल्लं, बसलो, आणि पाठ सुकायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. वहीत लिहून सरांना दाखवलं. ते म्हणाले, "रेकॉर्डमध्ये इतका वेळ बसतात का कोणी?" मी सांगितलं, माझी माय बसायची. त्यांनी ती वेळ नव्या आराखड्यात धरली. भाऊंनी गाडीत मिठाचा डबा ठेवला आहे, ऑइलच्या डब्याशेजारी. वैद्यकीय माणूस म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारायला जायचं आहे. त्या हाकलतील बहुतेक. मी दुसऱ्यांदा जाईन.

हे पत्र कुठे टाकणार, ते मला माहीत नाही. घडी करून कमरेच्या पट्ट्यात ठेवीन, जिथे दगड होते तिथे. पण त्याआधी एक गोष्ट राहिली. सरांना मी मुरगळलेला पाय का लिहू दिला नाही, हे सुनेनेही विचारलं आणि तिला मी खरेपणाबद्दल दोन वाक्यं ऐकवली. ती वाक्यं खोटी नव्हती, पण खरं कारण दुसरं होतं. ती सबब मी आयुष्यात एकदा वापरून संपवली होती. त्या मंगळवारी दुसऱ्या वळणावर माझी मान मोडायला आली होती, आणि मला हे जमत नाही असं तुला सांगायची लाज वाटत होती. तळव्यात काही नव्हतं. तू पिन घेऊन इतका वेळ शोधत होतीस, आणि "निघाला" म्हणून दोन बोटांनी काहीतरी दूर फेकलंस. मी त्या बाजूला बघितलं होतं. काटा नव्हता, माय.